मंगळवारी जास्त

कुसगाव,
गुरुवार, ७ नोव्हेंबर २०२४

प्रिय कस्तुरामावशी,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही घ्या. दिवाळी चांगली झाली असेल. वडिवळ्याला तुमच्या भावाचं, दत्तोबामामांचं, भात कापून झालं का? इकडे सकाळी इतकं धुकं असतं की दवाखान्याची पाटी रस्त्यावरून दिसत नाही. काल एक आजोबा पाटीखाली उभे राहून मलाच दवाखाना कुठे आहे ते विचारत होते.

'पत्र लिहिण्यास कारण की' असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. कारण असं की, तुमचा फोन लागत नाही. म्हणून तुमची भाची सारिका हॉटेलातली ड्यूटी संपवून कामशेतची गाडी पकडायला निघाली, तिच्याजवळ हे देते आहे. तुम्ही सातवी पास आहात आणि तुमचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, तेव्हा वाचता येत नाही हे कारण चालणार नाही.

आधी चांगली बातमी. ट्रेनिंग पार पडलं आणि माझ्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरलं. सप्टेंबरात आपल्या डॉक्टर मॅडमनी मला पाच दिवस पुण्याला पाठवलं होतं, तेव्हाच ठरलं होतं की परत येऊन मी चार दवाखान्यांतल्या लोकांना तेच शिकवायचं. मला रोज वाटायचं, मी कोण यांना शिकवणार? पण झालं. आता तांबी बसवताना, गळू कापताना, टाके घालताना आधी गोळी, मग सुन्न करायचं इंजेक्शन, मग घड्याळ बघून थांबायचं. आणि मधेच बाईनं हात वर केला की आपलं काम जिथे असेल तिथे थांबवायचं. या मंगळवारी तीन तांब्या बसवल्या. एकही बाई ओरडली नाही. बाहेर बाकावर बसलेल्या बायकांना वाटलं आत कोणी नाहीच, त्या घरी जायला निघाल्या होत्या!

बाकी तुमच्यावाचून अडतंय. अवजारं वाफवायच्या ऑटोक्लेव्हच्या ड्रमचं झाकण कसं ठोकून बसवायचं ते कोणालाच जमत नाही. कापडाच्या घड्या वेड्यावाकड्या होतात. कमरजहाँ मॅडम रोज विचारतात, "कस्तुरा कधी येणार?" आणि मी म्हणते, दिवाळीला गेल्यात, येतील.

वलवणच्या हॉलमध्ये ट्रेनिंगच्या दिवशी फार गडबड होती. तुम्ही चहाचे थर्मास ठेवून कधी गेलात ते मला कळलंच नाही. भेट झाली असती तर बरं झालं असतं.

लवकर या.

तुमची,
शहिस्ता

ता. क. अब्बांनी तुमची उशी भरून ठेवली आहे. ते विचारत होते, "एवढी जाड उशी कशाला पाहिजे कस्तुराबाईंना? मान मोडेल." मी म्हटलं, त्या येऊन घेतील तेव्हा तुम्हीच विचारा.


कुसगाव,
शुक्रवार, २२ नोव्हेंबर २०२४

प्रिय मावशी,

सारिकानं तुमचा निरोप जसाच्या तसा सांगितला, तुमच्या आवाजात सांगितला. "तिला म्हनावं, मी तुला दिसले न्हाई म्हनतीस. मला तर तू लय चांगली दिसलीस."

ती हसत होती. तिला वाटलं, तुम्ही माझं कौतुक केलं.

मावशी, तुम्ही मला दिसला होतात.

जेवणानंतरची वेळ होती. मी फळ्यावर शरीरातल्या नसांचं चित्र काढून समजावत होते आणि कोणी ऐकत नव्हतं. एक डॉक्टर मोबाइल बघत होते, मागच्या दोन सिस्टर पेंगत होत्या. मग मी म्हटलं, "आता आपण जुनी पद्धत बघू." एका सिस्टरला टेबलावर झोपवलं, ओढणी पदरासारखी कमरेला खोचली, तिच्या गुडघ्यांवर ओणवी झाले आणि तुमचा आवाज काढला. "झालं झालं झालं! झालंच की गं बाय! दोन पोरं काढलीस की, मग येवडंसं काय?"

सगळे हसले. पेंगणाऱ्या जाग्या झाल्या. डॉक्टरांनी मोबाइल खाली ठेवला आणि म्हणाले, "वन्स मोअर!"

तेव्हा मी दाराकडे पाहिलं. तुम्ही दोन्ही हातांत थर्मास घेऊन उभ्या होतात. आणि मी ते परत करून दाखवलं. पहिल्यापेक्षा मोठ्यानं.

तुम्हाला न बघता केलं असतं तर तो अविचार झाला असता. मी बघून केलं. गेले चार आठवडे मी स्वतःला सांगत होते की दाराशी ऊन होतं, नीट दिसलं नाही, इतक्या लोकांत कोण कुठे उभं आहे ते लक्षात येत नाही. दाराशी ऊन नव्हतं.

का केलं याचं कारण शोधलं, पण मोठं कारण सापडत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. अब्बांनी माझी डिग्री काचेत बसवून गादीच्या दुकानात कापसाच्या गठ्ठ्यांवर टांगली आहे, तुम्ही पाहिलीच आहे. गिऱ्हाईक गादी दाबून बघतं आणि अब्बा त्याला डिग्री दाखवतात. पण दुकानाच्या बाहेर माझं ऐकणारं कोणी नव्हतं. त्या दिवशी एकोणीस जण, त्यांत चार डॉक्टर, माझ्याकडे बघत होते. ते सुटू नये असं वाटलं. एवढंच.

आता राजेश्वरीचं सांगते. कुसगावचीच, तिचा नवरा बंगल्यांवर माळीकाम करतो. मंगळवारी ती तांबी बदलायला आली होती. तुम्हाला ती आठवत असेलच, तिला तर तुम्ही पक्क्या आठवता. मला म्हणाली, "सिस्टर, मागच्या वेळी त्या मावशींनी गुडघे असे दाबले होते की दोन दिवस निळे होते. मी ठरवलं होतं, परत इथे पाय ठेवायचा नाही. इंजेक्शन देतात असं कळलं म्हणून आले." मी मनातून खूश झाले. बघा, मी बरोबर होते, असं वाटलं. मग लगेच ती म्हणाली, "पण घरी मी त्यांचाच हात धरून चालत गेले होते. त्या आज नाहीत का?"

गोळी, इंजेक्शन, थांबणं, सगळं नीट झालं. तिनं एकदा हात वर केला, मॅडम थांबल्या, मग तिनंच "करा" म्हटलं. दहा मिनिटांत संपलं. तिला बाजूच्या खोलीत बाकावर बसवून मी फॉर्म भरायला गेले. त्या फॉर्मवर सतरा चौकोन आहेत, मी एकेकात खूण करत होते. धप्प आवाज आला. ती उठून उभी राहायला गेली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि खाली पडली. कपाळाला टेंगूळ आलं. बाकी काही नाही, संध्याकाळी ती हसत घरी गेली, आणि "मावशींना कळवा" असंही म्हणाली, म्हणून लिहिते आहे. पण तिच्याजवळ बसायला कोणी नव्हतं. काम झाल्यावर बाईजवळ बसणारं माणूस या दवाखान्यात एकच होतं, आणि त्यासाठी त्या सतरा चौकोनांत एकही चौकोन नाही.

हे तुम्हाला परत बोलावायला लिहीत नाही, मावशी. गुडघे दाबणं चूक होतं. ते मी आजही म्हणेन, तुमच्या समोर म्हणेन. पण ते मी एकोणीस लोकांना हसवून म्हणायला नको होतं. तुम्हाला एकटीला, चहा पिताना म्हणायला हवं होतं. तुम्ही भांडला असतात. भांडू द्यायला हवं होतं.

इथे पत्र संपवणार होते. पेनाचं टोपणसुद्धा लावलं होतं.

तुम्ही गेल्यावर दाराजवळच्या खुर्चीवर थर्मासच्या शेजारी एक मोठं खाकी पाकीट होतं. ते माझ्याकडे आहे. दवाखान्यातल्या माझ्या कपाटात, युनिफॉर्मच्या घडीखाली. मी ते उघडलं नाही असं लिहायचा विचार होता. उघडलं. त्याच दिवशी संध्याकाळी.

आत तुमच्या खांद्याचा एक्स-रे आहे, गेल्या वर्षीचा. आणि पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीनं तुमच्या सुंदर अक्षरात लिहिलं आहे: उजवा खांदा. दोन पावसाळे झाले. त्या अंगावर निजता येत न्हाई. वेनी डाव्या हातानं घालते. वरच्या फळीवरचा ड्रम काढताना कळ येती. मंगळवारी जास्त.

मी ओसरीवर बसून बायकांना सांगत असते, दुखतं कुठे, केव्हापासून, काय करता येत नाही, कधी वाढतं, हे घरून लिहून आणा म्हणजे डॉक्टरांना सांगायला सोपं जातं. तेव्हा तुम्ही फरशी पुसत असायचात. बायका कोणी लिहून आणत नाहीत. तुम्ही आणलंत.

मला उशिरा कळलं, पण कळलं. आदल्या सोमवारी मी तुम्हाला म्हटलं होतं, "गुरुवारी वलवणच्या हॉलमध्ये दुखण्याचं आहे, चहा घेऊन या." त्या हॉलमध्ये आजवर काय झालं आहे? डोळ्यांचं शिबिर, साखरेचं शिबिर, बायकांच्या रक्ताचं शिबिर. डॉक्टर जमले आणि हॉल उघडला की आपल्याकडे पेशंटच जातात. तुम्हाला वाटलं, दुखण्याचं शिबिर आहे. तुम्ही एक्स-रे घेऊन आलात. आणि आत तुम्हाला मी दिसले, लय चांगली.

शिकायला बोलवायच्या लोकांची यादीही मीच केली होती. डॉक्टर, सिस्टर, फार्मसीवाले. मावशींपैकी एकीचंही नाव घातलं नव्हतं. तुम्हाला फक्त चहा सांगितला होता. दोन वर्षं रोज, दुखऱ्या हातानं, माझ्या शेजारी उभं राहून तुम्ही वरचा ड्रम काढून देत होतात आणि मी पुण्याला जाऊन दुखणं कसं ओळखायचं ते शिकून आले. आणि अब्बांची ती जाड उशी! तेव्हाही मला विचारावंसं वाटलं नाही.

एक्स-रे काल मॅडमना दाखवला. सगळं सांगितलं. नक्कलही. त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "चार आठवडे हे तुझ्या कपाटात होतं?" ते रागावण्यापेक्षा वाईट होतं. मग त्यांनी फिल्म उजेडात धरली. हाड चांगलं दिसतं आहे, म्हणूनच कुणीतरी तुम्हाला "काही नाही, वय झालं" म्हणून परत पाठवलं असणार. पण आखडलेला खांदा एक्स-रेत दिसतच नाही. तो हात उचलून बघावा लागतो. त्याला औषध आहे, व्यायाम आहे, इंजेक्शन आहे, आणि ते सगळं आता आपल्याच दवाखान्यात आहे. सारिका म्हणाली, भात झोडायला सगळे असताना तुम्ही बाजूला बसून असता आणि कुणी विचारलं तर "कटाळा आलाय" म्हणता.

कामावर येऊ नका. पेशंट म्हणून या. मंगळवार सोडून कधीही या.

एवढं लिहून झाल्यावर छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटतंय. दुखतंय तुम्हाला आणि हलकं मला वाटतंय, याची लाज वाटते. तरीही वाटतंय ते खरं आहे.

शहिस्ता


कुसगाव,
गुरुवार, १२ डिसेंबर २०२४

प्रिय मावशी,

तुम्ही नीट पोचलात हे सारिकानं कळवलं. आणि काल रात्री बऱ्याच दिवसांनी तुम्ही उजव्या कुशीवर झोपलात, हेही. जीव भांड्यात पडला. मी अम्मीला सांगितलं, अम्मीनं अब्बांना, आणि अब्बा दुकानात बसून म्हणाले, "म्हणजे माझी उशी वाया गेली की काय?" वाया कशाला, ती दुसऱ्या कुशीला घ्या.

कालचं सगळं तुमच्या समोरच झालं, तरी मला ते लिहायचं आहे. तोंडानं मला धड काही बोलता आलं नाही, हे तुम्ही पाहिलंतच.

तुम्ही दारातून आत आलात तेव्हा मी नेमकी खाली वाकून सुया मोजत होते. दत्तोबामामांचा आवाज आधी आला. "हिला दवाखान्यात आनायची म्हंजी आडमुठं खोंड गाडीला जुपायचं." आणि पाठोपाठ तुमचा, "गप ए. दवाखाना माजा हाय, तुजा न्हाई." तो दुसरा आवाज ऐकला आणि मी मोजलेल्या सुया विसरले.

मॅडमनी तुम्हाला हात वर करायला सांगितला. डावा सरळ छताकडे गेला. उजवा खांद्याइतका आला आणि थांबला. तुमचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. आमच्या पुस्तकात लिहिलं आहे की दुखणं चेहऱ्यावर दिसतं. पुस्तक लिहिणाऱ्यानं तुम्हाला पाहिलेलं नाही.

"दोन वर्षं? आणि मला सांगितलं नाहीस, कस्तुरा?"

"तुमी कदी इचारलं?"

मॅडमनी तुमचा हात हळूच खाली ठेवला. मग रक्त तपासलं, साखर जास्त निघाली, आणि मॅडम म्हणाल्या की खांदा आखडायला तीही कारण असते. म्हणजे खांद्यासाठी आला नसतात तर साखर कळलीच नसती. खांद्यात दिलं त्या इंजेक्शननं थोडे दिवस साखर वर जाते, म्हणून गोळी चुकवू नका आणि गूळ बंद. दत्तोबामामांना मी बजावून सांगितलं आहे. ते म्हणाले, "मला सांगू नका, मला कोन इचारतंय."

टेबलावर बसल्यावर तुम्ही मला विचारलंत, "लागंल का?"

माझ्या तोंडावर 'नाही' आलं होतं. इतकं सवयीचं असतं ते. मी म्हटलं, "लागेल. दहा आकडे मोजेपर्यंत. मग कमी होत जाईल."

"आन मला धरनार कोन?"

"कोणी नाही धरणार. थांबवायचं असेल तर डावा हात वर करा."

तुम्ही तो केला नाहीत. दहापर्यंत मोजलंत, मोठ्यानं, आणि सात वगळलात.

मग तुम्ही पदर सारखा केलात आणि म्हणालात, "आता माजी नक्कल कर."

मला वाटलं, तुम्ही उठून निघून जाणार आणि जाता जाता मला टोचून बोलताय. पण तुम्ही टेबलावरून उतरून खुर्चीत बसलात. "कर की. त्या दिशी मी दारातनं बगितली, निम्मी दिसली. आता पुढनं दाव." मॅडमनी पेन खाली ठेवलं. दत्तोबामामा दाराशी उभे. मी ओढणी खोचली. रिकाम्या टेबलावर ओणवी झाले आणि "झालं झालं झालं" म्हटलं. कोणी हसलं नाही. त्या हॉलमध्ये जे इतकं मजेदार होतं ते इथे काय होतं, ते मला तेव्हा कळलं.

"तसं न्हवं. पदर डाव्या बाजूनं खोचते मी."

मी डाव्या बाजूनं खोचला.

"हां. आन आवाज येवडा बारीक न्हाई माजा. हाय का रे दत्तू?"

"तुजा आवाज धरणापलीकडं जातो," मामा म्हणाले.

मग तुम्ही जे बोललात ते मी संध्याकाळी घरी जाऊन वहीत उतरवून ठेवलं, शब्द इकडचे तिकडे होऊ नयेत म्हणून. "बरी करतीस. पन टेबलावर बाई कुटं हाय? तू नुसती दाबनारी दावलीस. ती बाई काय करत हुती ते दावलंच न्हाईस. ती माज्या ह्या हाताला लोंबकळत हुती. सगळा जोर लावून. धा-धा मिंटं. एकीचं झालं की दुसरी, सबंद मंगळवार. मी हात सोडवून घेतला न्हाई कदी, कारन तिला दुसरं धरायला काय हुतं तितं? टेबलाचा पत्रा?"

राजेश्वरीनं गुडघ्यांचं सांगितलं होतं, तुमच्या हाताचं नव्हतं सांगितलं. तिला ते माहीतच नसणार. जिला दुखतंय तिला, आपण कोणाचं काय ओढतोय हे कसं कळणार?

आणि मी, मावशी, मी तेव्हाही गप्प राहिले नाही. आता वाटतं राहायला हवं होतं, आणि पुन्हा वाटतं, नको होतं. मी म्हटलं, "पण गुडघे तुम्ही दाबायचात."

"व्हय. दाबायची. दुसरं काय करायचं ते कुनी शिकवलं हुतं का? आन 'झालं झालं' म्हनायची तवा झालेलं नसायचंच, ते बी खरं. खोटं बोलायची मी. बाई हलली तर आत इजा व्हईल म्हनून मोठ्या डॉक्टरीनबाई वरडायच्या. त्या बसल्यात ह्या, इचार त्यांना."

मॅडम म्हणाल्या, "ओरडायचे." एवढंच. पण ते ऐकून तुमचे खांदे खाली आले, दोन्ही. मी पाहिलं.

काल संध्याकाळी मी पुढच्या ट्रेनिंगची यादी परत लिहिली. येत्या गुरुवारी, त्याच हॉलमध्ये, दुसरे चार दवाखाने. यादीत त्यांच्या आठ मावशी आहेत, त्यांना शिकायला बोलावलं आहे, आणि चहा हॉलशेजारच्या टपरीवाल्याला सांगितला आहे. फॉर्मवर अठरावा चौकोन घातला: नंतर बाईजवळ कोण बसलं, त्याचं नाव. मॅडमनी सही केली. आणि यावेळी टेबलावर मी झोपणार आहे. धरणारीचं काम मॅडम करणार आहेत. मला त्यांचा हात धरून लोंबकळायचं आहे, सगळा जोर लावून, म्हणजे खोलीतल्या लोकांना दोघी दिसतील. त्यात कोणी हसलं तर हसू दे. तुमचं नाव मी घेणार नाही. घे म्हणालात तर घेईन.

कामाचं मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "त्ये पुढचं पुढं. आदी वेनी घालू दे." हे मला पटलं. खरंच पटलं. तुमची जागा मॅडमनी भरलेली नाही, पण तुम्ही आला नाहीत तरी आम्ही शिकू. ड्रमचं झाकण कालच मला बसलं, चौथ्या फटक्याला.

व्यायामाचा कागद सोबत आहे. भिंतीवर बोटं चालवायची, रोज थोडी वर. जिथपर्यंत पोचतील तिथे कोळशानं खूण करा. मामांना सांगा, भिंत खराब होईल, पण बोलायचं नाही.

अजून एकच. काल तुम्ही मला माफ केलं असं म्हणाला नाहीत. मी वाट बघत होते, कामशेतची गाडी हलेपर्यंत प्लॅटफॉर्मवर वाट बघत होते. तुम्ही खिडकीतून म्हणालात, "जा आता, बाया खोळंबल्यात." घरी येताना मला आधी वाईट वाटलं आणि मग बरं वाटलं. मी नक्कल केली ती एका दुपारी, आणि ती निघून जायला एक दुपार पुरेल असं मी का धरून बसले होते? ते आत किती आहे आणि किती दिवस राहील हे तुम्हालाच माहीत. बाहेरून मला ते दिसणार नाही, तुमचा चेहरा तर काही सांगत नाही. मी घाई करणार नाही.

रविवारी मी वडिवळ्याला येते. दर रविवारी येईन. दुखतंय का, एवढंच विचारीन. तुम्ही जेवढं सांगाल तेवढं दुखतंय असं धरीन, आणि एक अक्षरही कमी करून लिहिणार नाही.

तुमचा शब्द खरा मानून,
शहिस्ता